मला पीच चालतं

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या डॉक्टरांनी माझा साखरेचा रिपोर्ट आधी चष्म्याच्या वरून पाहिला, मग चष्म्यातून पाहिला आणि म्हणाले, "बॉर्डरवर आहात."

मी म्हटलं, "म्हणजे अजून हद्दीत आहे ना?"

ते हसले नाहीत. भात कमी करा, गोड बंद, रोज चाला, तीन महिन्यांनी परत या, एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. औषध दिलं नाही. मला बरं वाटलं. माझ्या मुलीला मात्र अजिबात बरं वाटलं नाही. ती खराडीला एका आयटी कंपनीत आहे आणि तिच्या मते कुठलीही गोष्ट प्लॅनशिवाय होत नसते.

"आई, डॉक्टर जनरल बोलतात. 'भात कमी' म्हणजे किती कमी? तुला प्रॉपर प्लॅन पाहिजे. आपल्याच सोसायटीत पॅलिओ डाएटचा ग्रुप आहे, मी तुझं नाव दिलंय."

नाव दिल्यावर मला सांगितलं. छप्पन्न वर्षांची बाई मी, सरकारी कार्यालयात तीस माणसांचं सेक्शन सांभाळते, नवरा गेल्यापासून घरातला दिवा बदलण्यापासून गॅसच्या नळीपर्यंत सगळं बघते. पण मुलीला माझी काळजी वाटते हे दिसत होतं. तिचे बाबा साखरेनेच गेले. म्हणून मी रविवारी सकाळी आमच्या येरवड्याच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये जाऊन खुर्चीवर बसले.

कोच तिशीतला होता. दंड असे की टी-शर्टच्या बाह्यांना श्वास घेता येत नव्हता. स्वभावाने चांगला मुलगा. त्याने पडद्यावर एका आदिमानवाचं चित्र दाखवलं, हातात भाला, पोट सपाट. शेती सुरू व्हायच्या आधी माणूस जे खायचा तेच आपलं शरीर ओळखतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून मांस, मासे, अंडी, पालेभाज्या, कंद, बदाम-अक्रोड चालतील. धान्य चालणार नाही, डाळ चालणार नाही, दूध चालणार नाही, साखर तर नाहीच. रोज ताटाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. त्यावर तो हिरवी खूण करणार किंवा लाल फुली.

"ज्वारीची भाकरी?" मी विचारलं.

"नाही ताई. धान्य आहे."

"बाजरी?"

"तेही धान्यच आहे."

पुढच्या रांगेतल्या दोघींनी पनीरचं विचारलं. त्या शाकाहारी होत्या. कोच जरा घुटमळला आणि म्हणाला, "शाकाहारी लोकांसाठी आपण पनीर चालवून घेतो." पण आदिमानव म्हशीची धार कधी काढायला लागला, हा प्रश्न मनात नोंदवून ठेवला.

खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस मला फार मजा वाटली. माझे वडील चंद्रपूरकडून खडकीच्या कारखान्यात नोकरीला आले, आणि आईने तिकडचा सगळा स्वयंपाक बरोबर आणला. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. घरात देव्हारा गेला, पण चूल तीच राहिली. मटण आमच्याकडे महिन्यातून एकदा. एरवी कलेजी, वजडी, पाय, मुंडी. जे स्वस्त मिळायचं ते. आई मांसाच्या लांब पट्ट्या कापून, हळद-मीठ लावून दोरीवर वाळवायची. आम्ही त्यांना चान्या म्हणायचो. शाळेत डब्यात चान्या असल्या की मी डबा मांडीवर ठेवून, झाकण अर्धंच उघडून खायचे. आणि इथे क्लबहाउसमध्ये कोच एक चकचकीत पाकीट हातात धरून सांगत होता, "ही जर्की. वाळवलेलं मांस. सुपरफूड आहे." पाकीट हातोहात फिरलं. लोक अदबीने एकेक तुकडा तोंडात टाकत होते. मीही टाकला. आईच्या हातच्या चान्यांची चव त्याहून हजारपटीने बरी होती. आणि आईला आयुष्यात कुणी सुपर म्हटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या वहिनी माझ्या दारात आल्या.

या वहिनी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठ्या, बोलायला मऊ. आम्ही नवीन राहायला आलो होतो तेव्हा, मुलगी बालवाडीत असताना, त्या अशाच दारात आल्या होत्या. तेव्हा बरोबर आणखी एक बाई होत्या. रविवार होता. कुकरमध्ये मटण होतं. वहिनी नाकाला पदर न लावता, अगदी सभ्यपणे म्हणाल्या होत्या, "अहो, राग मानू नका हं. वास थेट वर येतो. आमच्याकडे चालत नाही. खिडकी लावून करता येईल का?" माझा नवरा भांडणाला घाबरणारा नव्हता, पण कंटाळणारा होता. त्याने उठून स्वयंपाकघराची खिडकी लावली. ती पुढे कितीतरी वर्षं रविवारी लागलेलीच राहिली. एप्रिल-मेमध्ये त्या बंद खोलीत कांदा-खोबरं भाजताना घाम डोळ्यात उतरायचा.

आता त्याच वहिनी म्हणाल्या, "अहो, एक विचारायचं होतं. म्हणजे, तुम्हाला माहीत असेल म्हणून. ते पाय कसे साफ करतात?"

"कुणाचे?"

"बकऱ्याचे." त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "कोचने बोन ब्रॉथ सांगितलंय. गुडघ्यांसाठी. ह्यांना सांगितलेलं नाही मी. बाल्कनीत वेगळी शेगडी ठेवलीय."

मी त्यांना आत बसवलं. खाटकाला पाय भाजून द्यायला सांगायचं, तुकडे करून आणायचे, घरी कणीक चोळून धुवायचे, पहिलं पाणी टाकून द्यायचं, मग आलं-लसूण घालून मंद आचेवर ठेवायचे. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. जाताना म्हणाल्या, "वास फार येतो का हो?"

"येतो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चपला घातल्या आणि गेल्या. मी दार लावलं. मला हसूही येत होतं आणि छातीत काहीतरी तापतही होतं. पण पाय साफ करायला शिकवल्याचा मला पश्चात्ताप झाला नाही. कुणी विचारलं तर सांगावं, एवढं आईने शिकवलं होतं. तापलेलं मात्र तसंच राहिलं.

आणि मग जून आला आणि मंडईत पीच आली.

पीचबद्दल सांगितलं पाहिजे. माझ्या लहानपणी आमच्या घरात फळ म्हणजे आजारपण. कुणाला टायफॉइड झाला की मोसंबी, अशक्तपणा आला की डाळिंब. वडिलांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात त्यांच्या उशाशी सफरचंदं होती आणि आम्ही भावंडं त्यांच्यापेक्षा सफरचंदांकडे जास्त बघत होतो. धडधाकट माणसाने उभ्या उभ्या फळ खायचं ही श्रीमंतांची सवय. लग्नानंतर परिस्थिती सुधारली, पण घरात आंबा सोडून कुणाला फळाचं वेड नव्हतं. नवरा गेला त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी काही कामाने मंडईत गेले होते. बाहेर एका फळवालीच्या पाटीत तांबूस, मऊ लव असलेली फळं होती.

"काय आहे हे?"

"पीच हाय ताई. हिमाचलचं. खाऊन तर बघा."

मी तिथेच, स्कूटरला टेकून, एक खाल्लं. रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला. रुमाल नव्हता. मी साडीच्या पदराला हात पुसला आणि दुसरं घेतलं. त्या फळाशी माझ्या आई-वडिलांची, नवऱ्याची, कुणाचीही आठवण जोडलेली नव्हती. घरात कुणाला ते आवडतं म्हणून मी घेत नव्हते. ते फक्त मला आवडलं. पन्नाशीपर्यंत मी बाजारातून असं काही आणलंच नव्हतं, जे फक्त मला आवडतं. त्यानंतर दर जूनमध्ये मी मंडईत जाते आणि पीच आणते. एवढंच. पण हे एवढंच माझं होतं.

तर जूनमधल्या एका रविवारी दुपारी ताटात मासा होता, मेथीची परतलेली भाजी होती, काकडी होती आणि एक पीच होतं. मी फोटो टाकला. दोन मिनिटांत लाल फुली आली.

"ताई, सगळं परफेक्ट. फक्त पीच नको."

मी लिहिलं, "का? फळ तर आदिमानवही खात असणार."

"तो बेरी खायचा ताई. रानातल्या. छोट्या, आंबट. आजचं पीच हायब्रीड आहे, गोड केलेलं आहे. फ्रुक्टोज."

"मग आजची ब्रॉयलर कोंबडी कोणत्या रानातली?"

मग पुढच्या रांगेतल्या एकीने हसणारा चेहरा टाकला आणि लगेच काढून घेतला. कोचने लिहिलं, "ताई, लॉजिक वेगळं आहे. तुम्ही शुगर पेशंट आहात."

पेशंट हा शब्द मला लागला. लहानपणी फळ मिळायला आजारी पडावं लागायचं, आणि आता आजारी ठरले म्हणून फळ बंद. दोन्ही वेळा ठरवणारे दुसरेच.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, "आई, ग्रुपवर का वाद घालतेस? एक फळ सोडायला सांगितलंय. तू इगोवर घेतेस."

"भाकरी सोडली ना मी? भात सोडला, चहातली साखर सोडली. पनीरवाल्यांना सूट आणि मला फुली का?"

"ते व्हेज आहेत."

"मग त्यांच्यासाठी आदिमानवाने म्हैस पाळली होती का?"

ती मोबाइलकडे बघत म्हणाली, "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही." आणि खोलीत गेली. मी तिच्या दारासमोर उभी राहून मोठ्याने म्हटलं, "मी विचारून येईन. ज्यांना कळतं त्यांना विचारून येईन. त्यांनी नको म्हटलं तर सोडेन."

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून परस्पर डॉक्टरांकडे गेले. रांगेत बसले. माझा नंबर आल्यावर मी सरळ विचारलं, "डॉक्टर, पीच पॅलिओत बसतं का?"

"कशात?"

मी सगळं सांगितलं. आदिमानव, भाला, सपाट पोट, पनीर. डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आदिमानव माझा पेशंट नाही. तुम्ही आहात."

"मग सांगा."

"त्यांच्या नियमात बघायला गेलं तर फळ बसतं. फळं माणूस कायमच खात आलाय. कुणी कडक पाळतात, कुणी सैल. तो त्यांचा प्रश्न. तुमच्यापुरतं सांगतो. एका वेळी एक खा. अख्खं, सालासकट. रस काढू नका, डब्यातलं पाकातलं आणू नका. बरोबर चार बदाम खा. खाल्ल्यावर दोन तासांनी साखर तपासा, तुमच्या बोटाला विचारा, मला नको. आणि भाकरी का सोडली?"

"धान्य आहे म्हणून."

"अर्धी खा. उगाच उपाशी राहून रात्री फरसाण खाण्यापेक्षा बरं." मी फरसाण खाते हे त्यांना कसं कळलं, मी विचारलं नाही.

मी बोटाला विचारलं. तीन-चार दिवस, पीच खाऊन, दोन तासांनी. आकडा शहाण्यासारखा वागला. भाताच्या दिवशी तो कसा उडी मारतो हे मी पूर्वी पाहिलं होतं, म्हणून मला फरक कळत होता. हे मी ग्रुपवर लिहिलं. कोचने लिहिलं, "एकेका बॉडीचं वेगळं असतं ताई, पण आपण ग्रुपची शिस्त पाळूया." म्हणजे बॉडी वेगळी, पण शिस्त एक.

महिन्याच्या शेवटी रविवारी दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं ठरलं होतं. नाव दिलं होतं आदिम भोजन. प्रत्येकाने नियमात बसणारा एक पदार्थ आणायचा. मी सकाळी लवकर उठून आईच्या पद्धतीचं मटण केलं, खसखस, जवस, सुकं खोबरं, काळा मसाला, वर तेलाचा तवंग. आणि शनिवारी मंडईतून आणलेली पीच एका वेताच्या टोपलीत ठेवली. वीस-बावीस असतील. टोपली उचलताना मुलगी समोर आली.

"आई, मुद्दाम करतेयस."

"हो," मी म्हटलं. "मुद्दाम करतेय."

क्लबहाउसमध्ये टेबलं लावली होती. मटणाचं पातेलं ठेवल्या ठेवल्या लोक भोवती जमले. कोचने झाकण काढून वास घेतला आणि म्हणाला, "ताई, हे खरं पॅलिओ!" मग त्याने टोपली पाहिली. तो माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे टेबलवर नको ठेवूया. मेसेज चुकीचा जातो. नवीन लोकही आलेत."

"कुठे ठेवू?"

"घरी नेऊन ठेवाल का प्लीज?"

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी, पोट सुटलेले एक गृहस्थ, वाडग्यात रस्सा घेता घेता म्हणाले, "बाय द वे मॅडम, एक विचारू? तुम्ही लोक बुद्धाला मानता ना? मग हे मटण वगैरे कसं? अहिंसा असते ना तुमच्यात?" हे बोलताना त्यांच्या पळीतला मटणाचा तुकडा माझ्याच पातेल्यातला होता.

इतकी वर्षं हा प्रश्न मला कँटीनमध्ये, लग्नात, ट्रेनिंगला, कुठे कुठे विचारला गेलाय. दर वेळी मी हसून विषय बदलला. त्या दिवशी बदलला नाही.

"साहेब," मी म्हटलं, "मी काय मानते ते मी बघते. तुम्ही आधी तो तुकडा ठेवा खाली आणि मग अहिंसेवर बोला."

त्यांनी तुकडा ठेवला नाही. पण बोललेही नाहीत. सगळे माझ्याकडे बघत होते. तरी मी थांबले नाही.

"आणि कोच, तुम्हाला सांगते. तुम्ही चांगले आहात, तुमच्यामुळे माझा भात सुटला, चहातली साखर सुटली. पण ही टोपली मी घरी नेणार नाही. आमच्या घरात जे शिजायचं त्याला या इमारतीत एकेकाळी 'चालत नाही' म्हणत होते. वास येतो, खिडकी लावा. मी खिडकी लावली. त्या बंद खिडकीमागे मी वर्षानुवर्षं रविवार काढले. आता तेच मांस, तेच पाय, तीच कलेजी, इंग्रजी नाव लावून टेबलावर आलीय आणि सगळ्यांना चालतेय. चांगलं आहे, खा. पण आता माझं फळ चालत नाही म्हणताय. काय चालतं आणि काय नाही हे दर वेळी दुसऱ्यानेच का ठरवायचं? डॉक्टरांनी मला एक पीच सांगितलंय. मी एक खाणार. इथेच बसून खाणार."

आणि मी टोपलीतलं एक पीच उचललं, खुर्ची ओढली आणि बसून खाल्लं. बदाम पर्समध्ये होते, तेही खाल्ले. खाताना रस हनुवटीवरून ओघळला. मी तो पुसला नाही.

मग एक तरुण मुलगी, ग्रुपमध्ये नवीन आलेली, पुढे झाली आणि तिने एक पीच घेतलं. मग तिच्या आईने. सेक्रेटरी वाडगा घेऊन लांबच्या टेबलाकडे सरकले. कोच माझ्या समोर उभा होता, चेहरा पडलेला. त्याने फक्त एवढं म्हटलं, "ताई, मला खिडकीचं माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही तेव्हा शाळेत असाल."

मी पातेल्यात किती उरलं ते बघायला उठले तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या वहिनी शेजारी आल्या. त्यांच्या बशीत काही नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "खिडकीचं मी विसरलेली नाहीये."

"मीही नाही," मी म्हटलं.

त्या थोडा वेळ तिथेच थांबल्या. मला वाटलं आणखी काही म्हणतील. त्यांनाही वाटलं असेल की मी काही म्हणेन, 'जाऊ द्या हो' असं काहीतरी, जे आपण बायका नेहमी म्हणतो. मी म्हटलं नाही. मला त्या दिवशी ते शब्द कुणालाच द्यायचे नव्हते. वहिनी डोळे खाली करून म्हणाल्या, "चूक होती ती." मी मान हलवली. चूक होतीच. एवढ्यावर आमचं त्या दिवशीचं बोलणं संपलं.

घरी आल्यावर मुलगी सोफ्यावर बसली होती. ती क्लबहाउसच्या दारापर्यंत येऊन मागे उभी होती हे मला तेव्हा कळलं.

"तू मला कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली. "मला वाटायचं रविवारी आपल्याकडे खिडकी बंद असते कारण माश्या येतात."

"तुला तसंच सांगितलं होतं."

"का?"

"तू वरच्या मजल्यावर वहिनींच्या मुलीशी खेळायला जायचीस. तुला तिथे जायची लाज वाटू नये म्हणून."

ती रडायला लागली. आणि रडता रडता चिडली, माझ्यावरच. "तू एकटीने का सहन केलंस? बाबांनी का ऐकून घेतलं?" तिला तिच्या बाबांचा राग आला याचं मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "बाबा तुझ्या शाळेची फी, घराचा हप्ता आणि स्वतःची साखर सांभाळत होते. रोज रोज किती लढायचं माणसाने?" ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. तिच्या केसांना शांपूचा वास येत होता.

मी ग्रुप सोडला. कुणी काढलं नाही, मीच बाहेर पडले. ऑगस्टमध्ये डॉक्टरांकडे गेले तेव्हा साखर खाली आलेली होती. फार नाही, पण खाली. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. ग्रुपवरच्या लोकांनी म्हणे हे पॅलिओचं यश म्हणून मोजलं. मोजू दे. मला माहीत आहे की माझ्या ताटात अर्धी भाकरी होती, मासा होता, मेथी होती आणि जोपर्यंत मंडईत मिळत होतं तोपर्यंत एक पीचही होतं.

वहिनी आणि मी लिफ्टमध्ये भेटतो. पूर्वी नुसतं हसायचो, आता बोलतो. त्यांच्या घरी शेगडी बाल्कनीतून स्वयंपाकघरात आली की नाही हे मी विचारलेलं नाही. एकदा त्या म्हणाल्या की गुडघे बरे आहेत. मी म्हटलं, बरं झालं. खरंच बरं वाटलं. त्याच वेळी मला जुना रागही होता, आणि दोन्ही एकाच लिफ्टमध्ये मावले.

परवा पार्किंगमध्ये कोच भेटला. नव्या बॅचची पत्रकं सूचना फलकावर लावत होता. मला बघून थांबला.

"ताई, नवीन प्लॅनमध्ये फळांना परवानगी दिलीय. आठवड्यातून दोनदा."

"अभिनंदन," मी म्हटलं. "आदिमानवाला कळवलंत का?"

तो मोठ्याने हसला. मग म्हणाला, "ताई, परत या ना ग्रुपमध्ये. तुम्ही बोलता तेव्हा लोक जागे राहतात."

"येईन," मी म्हटलं, "पण फोटो टाकणार नाही."

त्याने विचार केला, मान हलवली आणि पुढचा कागद चिकटवायला लागला. मी वर आले. ओट्यावर पालेभाजी पडली होती, ती निवडायला घेतली.